एलएसयूचा २०१९चा हंगाम : तळटीप

* मूळ मजकुरात ‘बॅटन रूजचा तो संघ’ असा उल्लेख आहे तो लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या, म्हणजे एलएसयूच्या, अमेरिकी फुटबॉल संघाचा. प्रशिक्षक एड ऑर्जरॉन यांच्या हाताखाली या संघाने २०१९च्या हंगामातले पंधराही सामने जिंकले. १३ जानेवारी २०२० रोजी न्यू ऑर्लिन्समधल्या अंतिम सामन्यात क्लेमसनला ४२-२५ असे हरवून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ओहायो स्टेटमधून आलेल्या क्वार्टरबॅक जो बरोच्या पासवर त्या हंगामात ६० टचडाउन झाले.

पुढच्या काही महिन्यांत संघ पार पांगला. आक्रमणाची नवी घडी बसवणारा तरुण सहप्रशिक्षक जो ब्रेडी कॅरोलायना पँथर्सकडे गेला, बचावाची धुरा वाहणारे डेव्ह अरांडा बेलर विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. एनएफएलच्या निवडीत एलएसयूचे १४ खेळाडू उचलले गेले आणि बरो त्यात सर्वांत पहिला. उरलेला हुकमी रिसीव्हर जमार चेस २०२०मध्ये मैदानात उतरलाच नाही.

इतकी माणसे गेल्यावर काय होते, ते पहिल्याच सामन्यात दिसले. घरच्या मैदानावर मिसिसिपी स्टेटने ४४-३४ अशी मात दिली. पाहुण्यांच्या के. जे. कॉस्टेलोने एकट्याने ६२३ यार्डांचे पास पूर्ण केले. हे दोन्ही संघ ज्या परिषदेत खेळतात, तिचा हा विक्रमच ठरला. कोविडमुळे दहाच सामन्यांच्या त्या हंगामात पाच विजय, पाच पराभव झाले. लेखकाने सगळा दोष ऑर्जरॉन यांच्या माथी मारला आहे, तो आम्हांला अन्यायाचा वाटतो. २०२१च्या हंगामानंतर त्यांनाही पद सोडावे लागले. — संपा.