जंगल भटकंतीसाठी कमरेची आपत्कालीन पिशवी: काय ठेवावे, काय टाळावे

नवी मुंबईकरांना जंगल फार दूर नाही. खारघरच्या टेकड्या, पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य, प्रबळगड, कलावंतीण या ठिकाणी सकाळी निघून संध्याकाळपर्यंत घरी परतता येते. त्यामुळे बरेच जण पाण्याची बाटली आणि मोबाइल एवढ्यावरच निघतात. पण रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकते. प्रबळमाचीवरून पायथ्याच्या ठाकूरवाडीला उतरायला धडधाकट माणसालाही तासभर तरी लागतो. जखमी किंवा आजारी माणसाला खाली आणायला याहून कितीतरी जास्त वेळ जातो. हा मधला वेळ सुरक्षितपणे निभावण्यासाठी ही पिशवी असते. ती रुग्णालयाला पर्याय नाही.

पिशवी अंगावरच का हवी?

पाठीवरची सॅक आपण विसाव्याला उतरवतो, दुसऱ्याकडे देतो किंवा मधमाश्या उठल्या की टाकून पळतो. घसरून पडल्यावर ती हाताला लागेलच असेही नाही. म्हणून जीव वाचवणाऱ्या मोजक्या वस्तू कमरेच्या पाऊचमध्ये, पोटाच्या बाजूला ठेवाव्यात. पाऊच एका हाताने उघडता आला पाहिजे. वजन अर्ध्या किलोच्या आत ठेवा. जड झाला की लोक तो काढून ठेवतात. आतल्या वस्तू झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवल्या की पावसात भिजत नाहीत. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा पाऊच वेगळा असावा.

आधी तुमची स्वतःची औषधे

बाजारात मिळणाऱ्या तयार किटमध्ये तुमच्या आजाराचे औषध नसते. त्यामुळे सुरुवात इथून करा.

- मधुमेह: ग्लुकोज पावडर किंवा साखर. थरथर, घाम, गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली, तर १५ ग्रॅम (सुमारे तीन चमचे) घ्या आणि १५ मिनिटांनी बरे वाटत नसेल तर पुन्हा घ्या. त्यानंतर बिस्किटे किंवा पोळी खा. इन्सुलिन थेट उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका.
- दमा: तातडीच्या आरामासाठी दिलेला सालब्युटामॉलचा पंप. निघण्यापूर्वी तो रिकामा नाही ना, हे तपासा.
- हृदयविकार: डॉक्टरांनी दिली असल्यास जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी. ती बसूनच घ्यावी, कारण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते.
- अपस्मार (फिट्स): नेहमीच्या गोळीचा एक जादा डोस आणि डॉक्टरांनी लिहून दिला असल्यास मिडाझोलामचा नाकातला फवारा. तो कसा वापरायचा हे सोबत्यालाही दाखवून ठेवा.
- तीव्र ॲलर्जी: पूर्वी मधमाशी चावून किंवा औषधाने श्वास अडकला असेल, तर जंगलात जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. अशा वेळी ॲड्रेनॅलिनच्या इंजेक्शनची गरज असते. सेटिरिझिनची गोळी पुरेशी ठरत नाही.

सोबत एक कार्ड ठेवा. त्यावर नाव, रक्तगट, आजार, चालू औषधे, ॲलर्जी आणि घरच्यांचा फोन नंबर लिहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक लिहा.

सर्वांच्या पाऊचमध्ये असाव्यात अशा वस्तू

- शिट्टी: संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा वाजवा. ओरडण्यापेक्षा तिचा आवाज दूर जातो आणि दम टिकतो.
- लहान टॉर्च
- निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, चार-पाच बँडएड
- १० सेंटिमीटर रुंदीचे एक क्रेप बँडेज आणि मोठा सुती रुमाल
- हातमोज्यांची एक जोडी, छोटी कात्री, चिमटा
- पोव्हिडोन आयोडीनचे मलम
- ओआरएसची दोन पाकिटे (पाण्याचे प्रमाण पाकिटावर पाहून तेवढ्याच स्वच्छ पाण्यात विरघळवावे)
- पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या
- फॉइलची घडीची चादर: पावसात भिजलेल्या, कुडकुडणाऱ्या माणसाला गुंडाळण्यासाठी

काय ठेवू नये?

- सर्पविषावरची लस: ती शिरेतून द्यावी लागते आणि तिची गंभीर रिॲक्शन येऊ शकते. ती रुग्णालयातच द्यायची असते.
- डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या: अंगातले पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. सर्पदंशात रक्तस्राव वाढवू शकतात.
- ब्लेड, विष ओढण्याचा पंप, आवळून बांधायची दोरी: यांनी फायदा होत नाही, इजा मात्र होते.
- काडेपेटी: आगीमुळे वणवा लागू शकतो. धुरामुळे मधमाश्या उठतात.

पाऊच उघडायची वेळ आली तर

सर्पदंश: आपल्याकडील बहुतेक विषारी दंश नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे असतात. अंगठी, कडे, घड्याळ काढा. हात किंवा पाय सरळ काठीला रुमालाने सैलसर बांधून स्थिर ठेवा. आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. रुग्णाला चालू देऊ नका, उचलून खाली आणा. दंशाची वेळ लिहून ठेवा. साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नका.

विंचूदंश: नुसती वेदना असेल तर पॅरासिटामॉल घ्या आणि लक्ष ठेवा. खूप घाम, उलट्या, हात-पाय गार पडणे, छातीत धडधड किंवा धाप ही लाल विंचवाच्या विषाची लक्षणे असू शकतात. त्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. लहान मुलाला विंचू चावला तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

मधमाश्या: डोके-चेहरा झाकून लांब पळा, हात झटकू नका. सुरक्षित जागी पोहोचल्यावर काटे लगेच नखाने खरवडून काढा. ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, भोवळ येणे किंवा असंख्य दंश असतील तर तातडीने रुग्णालयात न्या.

रक्तस्राव: गॉज ठेवून सलग दहा मिनिटे घट्ट दाबा. मध्ये मध्ये उचलून पाहू नका. रक्त वर आले तर त्यावरच दुसरे गॉज ठेवा.

उष्माघात: अंग तापलेले आणि माणूस असंबद्ध बोलत असेल, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडावाटे काहीही देऊ नका.

निघण्यापूर्वी

कुठे जाणार, कोणत्या वाटेने आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून ठेवा. सर्पविषावरची लस मिळणारे जवळचे रुग्णालय कोणते, ते आधीच विचारून घ्या. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत, पण दरीत रेंज नसते. म्हणून एकट्याने जाऊ नका. दर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर औषधांच्या मुदती तपासा.

चढताना छातीत दुखत असेल, अलीकडे चक्कर आली असेल किंवा साखर वारंवार उतरत असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि मगच ट्रेक ठरवा.