मोका, सांगली आणि आमची हळद

ऑफिसच्या कॅफेटेरियात 'मोका' मागवणाऱ्या किती जणांना माहीत असतं की हे एका बंदराचं नाव आहे? येमेनमधलं मोखा. गंमत म्हणजे तिथे कॉफी पिकतच नव्हती. ती पिकायची आत, डोंगरातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत. शेतकरी छोटे, प्रत्येकाची थोडीशी झाडं. माल बैत-अल-फकीहच्या बाजारात यायचा, तिथून मोख्याला, आणि जहाजात चढला की त्याचं नाव मोका! सतराव्या शतकात जगाची जवळजवळ सगळी कॉफी येमेनमधून जायची. मग डचांनी जावा बेटावर लागवड केली आणि ती मक्तेदारी संपली. बंदराचं नाव तेवढं टिकलं, तेही आता चॉकलेट घातलेल्या कॉफीला. डोंगरातल्या गावांची नावं कोणाला माहीत आहेत?

हे सगळं वाचताना मला सारखी आमची हळद आठवत होती. आम्ही हिंगोलीचे (जिल्हा १ मे १९९९ ला झाला, त्याआधी आम्ही परभणीवाले). आमच्याकडे कॉफी नाही, पण वसमतकडे पूर्णेच्या काठची काळी जमीन आहे, येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी आहे, आणि त्यावर हळद आहे. मामांची थोडीशीच शेती, त्यातला निम्मा तुकडा हळदीला. हे पीक नऊ महिने रानात राहतं. पाऊस सुरू होताना लावायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची. काढली म्हणजे संपलं असं नाही. गड्डे वेगळे करा, हळकुंडं शिजवा (पूर्वी काहिलीत, आता वाफेच्या कुकरमध्ये), उन्हात वाळवा, मग ड्रममध्ये पॉलिश. पाच क्विंटल ओल्या हळदीची जेमतेम एक क्विंटल वाळलेली हळद होते. वाळत असताना अवकाळी पाऊस आला तर बघायलाच नको.

एवढं करून नाव कुणाचं? सांगलीचं! मराठवाड्याची कितीतरी हळद वर्षानुवर्षं तिकडे गेली. सांगलीकरांना दोष देत नाही हं, त्यांनी बाजार उभा केला. हरिपूरला जमिनीत खोल खणलेली पेवं होती, त्यात हळद कीड न लागता वर्षानुवर्षं टिकायची. (२००५ च्या पुरात त्यातली बरीच बुडाली.) माल थांबवून ठेवता आला की भाव ठरवता येतो, आणि भाव ठरवणाऱ्याचं नाव मालाला लागतं. मोख्याचंही तेच झालं. आमच्या रानातल्या वाणाचं नावसुद्धा सेलम, म्हणजे तमिळनाडूतलं गाव.

एकदा तर नाव थेट अमेरिकेत गेलं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला मिळालं. शोधक दोघेही भारतीय वंशाचे! डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. आपल्याला शाळेत ही गोष्ट अभिमानाने सांगितली, आणि अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण त्या लढाईत आजीबाईचा बटवा वाचला, मामांच्या पोत्याचा भाव तिथे विषयच नव्हता.

तो भाव कसा चालतो ते बघा. २००४ पासून हळदीचे वायदे कॉम्प्युटरवर सुरू झाले. २०१० च्या अखेरीस क्विंटलला पंधरा हजारांच्या वर भाव गेला. बघून सगळ्यांनी बेणं लावलं. २०१२ मध्ये तोच भाव पाच हजारांच्या खाली! नऊ महिन्यांचं पीक, त्यामुळे आज लावताना दिसतो तो भाव तुमचा नसतोच.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, आणि २०२४ मध्ये 'वसमत हळद' या नावालाही. मी उत्साहाने फोन केला तर मामा म्हणाले, "पोत्यावरचं नाव कोण वाचतंय रे? काट्यावरचा आकडा वाचतेत."

बरोबर आहे त्यांचं. पण पेवं नसलेल्या माणसाला नाव हे थोडंफार पेवासारखं वापरता येईल, असं मला वाटतं. पुण्यातल्या गिऱ्हाईकाने दुकानात 'वसमतची आहे का?' असं विचारलं तर व्यापाऱ्याला ते पोतं शोधत यावं लागेल. फक्त ते नाव कायद्याने वापरायला शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. त्याचं ऑफिस चेन्नईला, म्हणजे पुन्हा सेलमच्याच राज्यात! मामांनी विचारलंय, सातबाऱ्याशिवाय आणखी कुठले कागद लागतात. या रविवारी अर्ज बघून सांगतो म्हटलंय.