ओढून न्यावी की चालवत न्यावी?

मंडळी, वाळवंटाच्या कडेपर्यंत रस्ता असतो आणि कडेपासून पुढे नुसती वाट असते. जी गाडी रस्त्यावर चांगली ती वाटेवर चालेलच असे नाही, आणि जी वाटेवर चांगली ती रस्त्यावर जीव खाते. मग अशी गाडी दूरच्या वाळवंटापर्यंत चालवत न्यावी, की दुसऱ्या मोठ्या गाडीमागे जोडून ओढत न्यावी?

हा प्रश्न मला पडायचे कारण नव्हते. मी आयुष्यभर सायकल आणि एसटी यांवर भागवले. पण माझा भाचा ॲरिझोनात टुसॉनला असतो. त्याने १९७० च्या दशकातली एक जुनी सीजे-५ जीप घेतली आहे आणि ती युटा राज्यातल्या 'मेझ' नावाच्या भागात न्यायचे त्याच्या मनात आहे. घरापासून पाचशे मैलांहून अधिक अंतर. फोनवर म्हणाला, "मामा, तुम्ही इतिहास शिकवलात ना? मग सांगा, चालवत नेऊ की ओढून?" त्याने थट्टेने विचारले, पण मी आपला खरेच वाचायला बसलो. आणि बरं का, या प्रश्नाला चांगला लांबलचक इतिहास आहे!

सुरुवात खेचरांपासून करावी लागते. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत 'हार्मनी' नावाचा टाकणखाराचा कारखाना होता. टाकणखार म्हणजे आपला सोनार डाग देताना वापरतो तोच. १८८३ ते १८८९ या काळात तो माल मोहावी गावच्या रेल्वे स्टेशनापर्यंत पोचवावा लागे. अंतर १६५ मैल, एका खेपेला दहा दिवस. अठरा खेचरे आणि दोन घोडे एका माळेत जुंपत. त्यांच्यामागे मालाचे दोन अजस्र गाडे आणि सगळ्यात शेवटी १२०० गॅलन पाण्याची टाकी. मला ही शेवटची टाकी फार महत्त्वाची वाटते. माल कमी नेला तर पैसे कमी मिळतील, पाणी कमी नेले तर परत कोणीच येणार नाही.

आता यातली व्यवस्था पाहा. वाळवंटातले काम खेचरांचे, लांबचे काम आगगाडीचे. आगगाडीला दरीत उतरवायचा किंवा खेचरांना थेट शहरापर्यंत हाकायचा खटाटोप कोणी केला नाही. वाहन कुठे बदलायचे हे ठरले होते, ते म्हणजे मोहावी स्टेशन.

नंतर आली जीप. १९४० साली अमेरिकन सैन्याने हलक्या चारचाकी टेहळणी गाडीची मागणी केली. आधी बॅंटम, मग विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी ती बनवली, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. आपल्याकडेही स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. माझ्या पिढीला 'बीडीओची जीप' आठवत असेल. ती गावात आली की आम्ही पोरे धुरळ्यातून मागे धावत असू.

१९४५ पासून ही जीप अमेरिकेत सामान्य माणसाला मिळू लागली. साठ अश्वशक्तीचे इंजिन आणि गिअर मुद्दाम सावकाश ठेवलेले. शेतात, चढावर, खडकावर तिला बैलाचे बळ होते, पण सपाट रस्त्यावर चालही बैलाचीच! वेग वाढवला की इंजिन किंचाळू लागे.

दुसरी अडचण पुढच्या चाकांची. मागच्या दोनच चाकांना जोर दिला, तरी पुढची चाके फिरताना आपल्या बाजूचे दांडे आणि दंतचक्रे उगाचच फिरवत बसत. पेट्रोल जाई, झीज होई, आवाज होई. १९४८ साली सिएटलच्या आर्थर वॉर्न यांनी यावर तोड काढली. पुढच्या चाकांचे हब हवे तेव्हा दांड्यापासून मोकळे करायचे आणि वाळवंटात पोचलो की पुन्हा जोडायचे. म्हणजे 'चालवत न्या' या पक्षाचे पहिले शस्त्र हेच.

'ओढून न्या' या पक्षाचे शस्त्र त्याहून साधे होते. इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची दांडी घ्यायची, जीपचे नाक मोठ्या गाडीच्या मागे अडकवायचे, चारही चाके रस्त्यावरच ठेवायची. पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी जी पेटी असते, ती न्यूट्रलमध्ये टाकली की चाके फिरतात पण गिअरबॉक्स स्वस्थ राहतो. ही पेटी न्यूट्रलमध्ये न टाकता ओढली, तर बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन बंद असल्यामुळे तेलाचा पंप चालत नाही आणि गिअरबॉक्स जळून जातो. शिवाय अशी जोडलेली गाडी मागे घेता येत नाही, पुढची चाके भलतीकडेच वळतात. उसाची ट्रॉली रिव्हर्स घेणारा ट्रॅक्टरवाला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातला घाम कळेल.

१९५६ साली आयसेनहॉवर यांच्या कारकिर्दीत ४१,००० मैलांच्या महामार्गांचा कायदा झाला. रस्ते रुंद झाले, वेग वाढले आणि जुनी जीप त्या वेगात आणखीच केविलवाणी दिसू लागली. त्याच दशकात युटाच्या मोॲब गावाजवळ युरेनियमची झुंबड उडाली होती. चार्ली स्टीन यांना १९५२ मध्ये मोठा साठा सापडला आणि शोधकऱ्यांसाठी अणुऊर्जा आयोगाने कड्यांवरून कच्च्या वाटा काढल्या. युरेनियमची हाव ओसरली, वाटा उरल्या. १९६४ साली तिथे कॅनियनलॅंड्स राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९६७ पासून मोॲबला दर ईस्टरला जीपवाल्यांचा मेळा भरू लागला. ज्या वाटा बॉम्बसाठी काढल्या, त्यांवर लोक सुट्टीत मुलाबाळांना घेऊन जाऊ लागले. इतिहासाची ही गंमत मला नेहमीच मोह घालते.

पुढे गाड्याही सुधारल्या. २००३ साली जीपचे 'रुबिकॉन' मॉडेल आले. चाके घसरली तरी जोर सुटू नये म्हणून लॉक होणारी यंत्रणा पुढेमागे कारखान्यातूनच बसवलेली, तरीही महामार्गावर आरामात जाणारी. मग ओढण्याचे कारण संपले का? नाही. हौशी लोक आणखी मोठे टायर आणि आणखी सावकाश गिअर घालून आणखी अवघड खडक शोधू लागले, आणि त्या गाड्या पुन्हा ट्रेलरवर चढल्या.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. 'मेझ'ची चौकी डांबरी रस्त्यापासून ४६ मैल आत आहे, आणि खरी वाट त्यापुढे सुरू होते. तिथे गाडी मोडली तर बाहेर ओढून आणायला साधारण हजार डॉलरहून जास्त पडतात, असे उद्यानवालेच बजावतात. म्हणजे जाताना ओढली नाही, तर येताना ओढावी लागण्याची शक्यता आहेच!

आणि पैशांवरच निभावले तर नशीब म्हणायचे. जुलै १९९६ मध्ये जर्मनीहून आलेले चौघे पर्यटक, त्यांत दोन लहान मुले, भाड्याची साधी गाडी घेऊन डेथ व्हॅलीतल्या एका निर्जन कोरड्या ओढ्यात शिरले. गाडी ऑक्टोबरमध्ये सापडली, टायर फाटून बसलेले. मोठ्या माणसांचे अवशेष मिळायला २००९ साल उजाडले. ती गाडी रस्त्याला उत्तम होती, पण गेली वाटेवर. हे वाचल्यावर मी बराच वेळ काही वाचू शकलो नाही.

मला यातून जे दिसले ते असे. गाडी ओढून नेणाऱ्याची परतीची गाडी कडेला शाबूत उभी असते. त्यामुळे जीप दमलेली नसते, पण माणूस मात्र थोडा धीट होतो, 'मोडली तर मोडली' म्हणतो. चालवत नेणाऱ्याला त्याच गाडीत घरी यायचे असते. तो टायरमधली हवा वेळेवर कमी करतो, डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरतो, अवघड खडकापाशी उतरून पाहतो आणि कधी कधी तिथूनच मागे फिरतो. हे मागे फिरणे यंत्राने येत नाही.

म्हणून जुन्या जीपला पाचशे मैल पळवू नये, ओढूनच न्यावी, असे मी भाच्याला सांगितले. पण कडेला दांडी सोडवल्यावर जीप अशी चालवावी, की जणू हीच गाडी घरापर्यंत न्यायची आहे. सोबत दुसरी जीप असावी, आणि कुठे चाललो व कधी परतणार हे घरी लिहून ठेवावे.

खेचरवाल्यांना यातले काही शिकवावे लागले नसते. पाण्याची टाकी मागे जोडल्याशिवाय ते निघतच नसत.