रणगाडाविरोधी संरक्षणरेषा, ब्रिटनमधील

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) जर्मन आक्रमणाच्या धास्तीने ब्रिटनमध्ये उभारलेली अडथळ्यांची व छोट्या ठाण्यांची साखळी. मे–जून १९४० मध्ये डंकर्कहून ब्रिटिश सैन्याची सुटका झाली. परंतु बहुतेक रणगाडे, वाहने व सु. २,५०० तोफा फ्रान्समध्येच राहिल्या. चढाईची साधने अपुरी असल्याने स्वदेशरक्षक सेनेचे सरसेनापती एडमंड आयर्नसाइड यांनी शत्रूच्या रणगाड्यांना टप्प्याटप्प्याने थोपविणाऱ्या रेषा आखल्या. त्यांतील प्रमुख रेषा ब्रिस्टल परिसरातून पूर्वेकडे जाऊन लंडनच्या दक्षिणेकडून उत्तरेस वळत असे.

या रेषांसाठी नद्या, कालवे व रेल्वेचे भराव यांचा उपयोग करण्यात आला. उदा., सु. ८० किमी. लांबीची टाँटन रेषा ॲक्स व पॅरट या नद्यांच्या आधारे आखलेली होती. जेथे नैसर्गिक अडथळा नव्हता, तेथे रुंद खंदक खणीत किंवा काँक्रीटचे ठोकळे ओळीने बसवीत. ठोकळ्यावर चढू पाहणाऱ्या रणगाड्याचा कमी जाडीच्या चिलखताचा तळभाग उघडा पडे. अडलेल्या शत्रूवर ‘पिलबॉक्स’ या काँक्रीटच्या ठाण्यांतून मारा करावयाचा होता. पिलबॉक्स व तत्सम सु. २८,००० बांधकामे झाल्याचा अंदाज आहे.

जुलै १९४० मध्ये आयर्नसाइड यांच्या जागी ॲलन ब्रुक आले. त्यांनी स्थिर रेषांपेक्षा जलद हालचाली करणाऱ्या राखीव दलांवर भर दिल्याने हे काम मागे पडले. पुढे आक्रमण झालेच नाही व या रेषांची कसोटीही लागली नाही.

युद्धोत्तर काळात शेतीसाठी खंदक बुजविण्यात आले. फोडण्यास अवघड अशी काँक्रीटची बांधकामे मात्र पुष्कळशी टिकली. सरे परगण्यातील वेव्हर्ली मठाचा परिसर व स्कॉटलंडमधील मोरे किनारा येथे ठोकळ्यांच्या रांगा आढळतात. काही पिलबॉक्समध्ये वटवाघळे आश्रय घेतात. १९९५–२००२ या काळात कौन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजी या संस्थेच्या प्रकल्पात स्वयंसेवकांच्या साहाय्याने अशा सु. २०,००० स्थळांची नोंद झाली. काही अवशेषांना कायद्याचे संरक्षणही मिळाले आहे. तथापि बुजलेला खंदक आणि त्यावर मारा करणारे ठाणे हे एकाच योजनेचे भाग होते. त्यामुळे सुटे ठाणे जपले, पण लगतचा नदीकाठ वा खंदकाची खूण नाहीशी झाली, तर त्या ठाण्याच्या जागेचे प्रयोजन कळेनासे होते. म्हणून एकेका वास्तूऐवजी सभोवारच्या भूप्रदेशासह संपूर्ण रेषेचे जतन करणे अगत्याचे ठरते.