छातीचा फोटो आणि दमेकरी: बुलढाणा जिल्ह्यातून

तीव्र दम्याच्या रोग्याच्या फुप्फुसांची प्रतिमा घेऊन आजाराचा अंदाज बांधणे ही गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली गोष्ट आहे. छातीचा एक्स-रे मात्र सव्वाशे वर्षांचा आहे. मधल्या सगळ्या काळात दमेकऱ्याचा फोटो निघत होता, पण त्यात दमा दिसत नव्हता. डॉक्टर त्यात शोधायचे तो क्षय. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात छातीच्या प्रतिमांचा इतिहास म्हणूनच क्षयाच्या वाटेने जातो आणि दमा त्यात बराच उशिरा येतो.

जिल्ह्याचे दोन भाग अजूनही बोलण्यात वेगळे ठेवले जातात: घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आल्यावर त्यांनी घाटावरचे थंड बुलढाणे कचेऱ्यांसाठी पसंत केले. घाटाखालच्या काळ्या जमिनीत पिकणारा कापूस हे त्यांच्या इथल्या रसाचे खरे कारण. खामगावची कापसाची पेठ एवढी मोठी होती, की १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा काढून ती रेल्वेने जोडली गेली आणि उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. खामगाव व जळगाव हे तालुके मात्र १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते.

कापसाचा छातीशी संबंध आहे. सरकी वेगळी करताना रुईची बारीक धूळ उडते, आणि वर्षानुवर्षे ती ओढणाऱ्या कामगाराला छाती आवळल्यासारखी वाटू लागते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त, आठवडा सरता सरता कमी, अशी या आजाराची खूण आहे. वैद्यकात त्याला बिसिनोसिस म्हणतात. सर्वांत मोठा धोका सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात असला, तरी जिनिंगही त्यातून सुटलेले नाही. अशा कामगाराचा एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. धाप आहे, घरघर आहे आणि फोटोत काहीच नाही, हा अनुभव दमेकऱ्याच्या वाट्यालाही तसाच येतो. फोटो स्वच्छ म्हणजे माणूस धडधाकट, ही समजूत अनेकांना महागात पडली असणार.

विल्हेल्म रोंटगेनला क्ष-किरण सापडले ते नोव्हेंबर १८९५ मध्ये. दोनच वर्षांनी, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, वायव्य सरहद्दीवर जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला लष्करी सर्जन बीव्हरने ते वापरले. जिल्ह्यांपर्यंत यंत्र पोहोचायला मात्र पुढचे अर्धे-पाऊण शतक लागले. तोवर छातीच्या रोग्याला दोनच आधार होते, स्टेथोस्कोप आणि हवापालट. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर सॅनिटोरियम काढले ते याच हवेच्या भरवशावर. बुलढाण्याच्या हवेचीही अशीच ख्याती होती, आणि पुढे क्षयरोग्यांसाठी क्षय आरोग्यधाम इथे उभे राहिले.

खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात फिरत्या एक्स-रे गाड्या घेऊन क्षयाची देशव्यापी पाहणी केली. हा रोग दाटीवाटीच्या शहरांचा, अशी समजूत होती. पाहणीत खेड्यांतही तो जवळपास तितकाच निघाला. १९५९ मध्ये बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली, १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि जिल्हा क्षयरोग केंद्र हा त्याचा कणा ठरला. युनिसेफच्या मदतीने जिल्हा केंद्रांना ओडेल्का कॅमेऱ्याची यंत्रे मिळाली. रोग्याने छाती टेकून उभे राहायचे. मागून आलेले क्ष-किरण समोरच्या पडद्यावर पडून तो उजळायचा, आणि ती प्रतिमा अंतर्गोल आरशाने टिपून ७० मिलिमीटरच्या रिळावर उतरायची. मोठ्या फिल्मच्या मानाने हा प्रकार फार स्वस्त होता, आणि एका दिवसात पुष्कळ लोक उरकत. ते बोटभर फोटो मग भिंगातून एकेक करून पाहायचे.

या व्यवस्थेत दमेकरी शिरला तो खोकल्याच्या रांगेतून. तीन आठवडे खोकला असलेल्या प्रत्येकाने थुंकी द्यायची, गरज पडली तर फोटो काढायचा. दम्याचा फोटो बहुतेक वेळा क्लिअर येतो. तीव्र दम्यात फार तर फुप्फुसे फुगलेली आणि खालचे श्वासपटल सपाट झालेले दिसते. त्यामुळे फोटोचा उपयोग एवढाच, की क्षय नाही, न्यूमोनिया नाही, छातीत हवा सुटून फुप्फुस बसलेले नाही, हे कळावे. हा उपयोग कमी लेखण्यासारखा नाही. क्षय नसल्याचे कळले की रोग्याची भीती आणि घरातली वेगळी ताट-वाटी दोन्ही जायची. पण पुढे काय, याचे उत्तर फोटोत नव्हते. त्यासाठी फुंकर मारून तपासायची स्पायरोमेट्री लागते, आणि ती खेड्यापाड्यांत आजही दुर्मीळ आहे. त्यामुळे कोजागिरीच्या रात्री खिरीतून मिळणाऱ्या दम्याच्या औषधाची रांग विदर्भात टिकून राहिली.

काही दमेकऱ्यांचा फोटो मात्र क्लिअर नसतो, आणि घोटाळा तिथेच होतो. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीची अ‍ॅलर्जी झालेल्या दमेकऱ्यांत श्वासनलिका घट्ट कफाने बुजतात, फोटोत सावल्या उमटतात, काही आठवड्यांनी त्या विरतात आणि दुसरीकडे उगवतात. १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये हिन्सन, मून आणि प्लमर यांनी या आजाराचे वर्णन केले. त्याचे संक्षिप्त नाव एबीपीए. क्षय घरोघरी माहीत असलेल्या देशात अशी सावली दिसली की क्षयाची औषधे सुरू होत. भारतातल्या रुग्णमालिकांमध्ये, निदानाआधी महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या खाल्लेले एबीपीएचे रोगी पुन:पुन्हा भेटतात. या चुकीतला फारच थोडा दोष वाचणाऱ्याचा. सपाट फोटोत पुढची-मागची सगळी छाती एकावर एक पडते, त्याला तो तरी काय करणार?

श्वासनलिका वेगळ्या पाहण्याचा जुना मार्ग होता ब्रॉन्कोग्राफीचा. १९२२ मध्ये सिकार आणि फोरेस्तिए या फ्रेंच डॉक्टरांनी आयोडीनयुक्त तेल नळ्यांत सोडून फोटो काढले. दमेकऱ्याला ते सोसणे कठीण होते. लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्री हाउन्सफील्डच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला, आणि ऐंशीच्या दशकात छातीचे बारीक काप दाखवणारे एचआरसीटी तंत्र रुळले. आता श्वासनलिका आणि तिच्या शेजारची रक्तवाहिनी एकाच कापात दिसू लागली. एरवी दोन्हींची जाडी जवळपास सारखी असते. नलिका कायमची रुंदावली असेल तर शेजारच्या वाहिनीसह ती खड्याच्या अंगठीसारखी दिसते. एबीपीएत असे रुंदावणे छातीच्या मध्याकडे जास्त असते, आणि काही रोग्यांत बुजलेला कफ पाठीच्या स्नायूंपेक्षाही पांढरा उमटतो. चंडीगडच्या पीजीआयमधील रितेश अगरवाल आणि सहकाऱ्यांनी या पांढऱ्या कफाचे निदानातले महत्त्व ठसवले.

दम्याचे मोजमाप म्हणून प्रतिमा वापरण्याची कल्पना यानंतरची. अमेरिकेतल्या तीव्र दम्याच्या संशोधन प्रकल्पात एलीनॉर डनिकन आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाचे २० भाग धरले, कफाचे बूच असलेल्या प्रत्येक भागाला एक गुण दिला आणि बेरीज केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात १४६ दमेकऱ्यांपैकी ५८ टक्क्यांच्या छातीत निदान एक बूच सापडले. निरोगी लोकांत हे प्रमाण ४.५ टक्के होते. ज्यांचे गुण जास्त, त्यांची फुंकर कमी. कितीही औषध ओढले तरी काहींचा श्वास मोकळा का होत नाही, याचे एक उत्तर यात मिळाले, आणि बुचे वर्षानुवर्षे त्याच जागी टिकतात हेही पुढे दिसले. टेझेपेलुमॅब या जैविक औषधाने ती कमी होतात, असे २०२३ मध्ये सीटीनेच दाखवले. झेनॉन वायू श्वासात घेऊन काढलेल्या एमआरआयमध्ये हवा न पोहोचलेले भाग काळे दिसतात. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. जिल्हा पातळीवर तो येणे अजून लांबची गोष्ट आहे.

एचआरसीटी हा शब्द गावोगाव पोहोचला तो दम्यामुळे नव्हे, कोरोनामुळे. २०२० मध्ये टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने बुलढाण्यात १०६ खाटांचे कोविड उपचार केंद्र झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने एचआरसीटीचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये असे बांधून दिले. ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न पारावर विचारला जाऊ लागला. तो स्कोअर २५ पैकी आणि फुप्फुसाच्या सुजेचा होता; दम्यातल्या बुचांच्या गुणांशी त्याचा संबंध नाही.

एक्स-रेही पुन्हा पुढे आला आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत तो काढला नसता, तर क्षयाचे ४२.६ टक्के रोगी निसटले असते. आता हातात धरायची यंत्रे गावात नेली जातात, म्हणजे क्षय नसलेले दमेकरीही त्यांच्यासमोर उभे राहणार. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी फोटोपुढची तपासणी लागली की दमेकरी अकोला किंवा औरंगाबाद गाठत असे. सरसकट प्रत्येक दमेकऱ्याचा सीटी काढावा असे मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. युरोप-अमेरिकेच्या श्वसनरोग संघटनांनी २०१४ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार, लक्षणे नेहमीच्या दम्याशी जुळत नसतील, उदाहरणार्थ खूप कफ पडत असेल किंवा फुंकर झपाट्याने घटत असेल, तेव्हाच तो काढावा. साध्या एक्स-रेच्या कित्येक पट किरण त्यात अंगावर घ्यावे लागतात. बुचांचे गुण मोजणे अजून मुख्यतः संशोधनापुरतेच आहे, नेहमीच्या रिपोर्टात ते लिहिले जात नाहीत.