महानुभावांचा परमेश्वर आणि हत्तीचा दृष्टांत

महानुभाव ग्रंथांतील ईश्वरविचार संप्रदायाबाहेरच्या वाचकांस दीर्घकाळ अज्ञात होता. कारण पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनीं सकळ लिपीची उकल केल्यावर ती अडचण बव्हंशीं दूर झाली. परंतु अक्षर लागलें म्हणजे अर्थ लागलाच असें नाहीं. दृष्टांतपाठांतील हत्तीचा दृष्टांत याचें उत्तम उदाहरण होय.

श्रीचक्रधरांच्या मतें जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. देवतांची संख्या ८१ कोटी, सव्वा लक्ष, दहा अशी सांगितली आहे. त्या आपापल्या मर्यादेंत फळ देतात. मोक्ष देण्याचें सामर्थ्य मात्र एकट्या परमेश्वराचें. मूळचा निराकार परमेश्वर जीवांवरील कृपेनें मनुष्यदेह धारण करितो.

आतां दृष्टांत पाहूं. आंधळे हत्ती चाचपतात. ज्याच्या हातीं जो अवयव लागला तोच हत्ती असें तो म्हणतो. ही कथा जुनी आहे. बौद्धांच्या ‘उदान’ ग्रंथांतही ती आढळते. हल्लीं तिच्यावरून सर्व मतें आपापल्या परीनें खरींच, असा निष्कर्ष काढण्याची चाल पडली आहे. दृष्टांतपाठाचा अभिप्राय तसा नाहीं. ज्यास परमेश्वराची एक शक्ति कळली त्यानें तीसच परमेश्वर मानिलें, हा तेथील आशय. समग्र हत्ती जाणणारा डोळस निराळाच. म्हणजे आंधळ्यांचें ज्ञान अगदींच खोटें नव्हे, पण अपुरें. आणि अपुऱ्या ज्ञानानें मोक्ष नाहीं.

हा आशय केवळ कथेंत नाहीं. तो दार्ष्टांतिकांत आहे. ११४ दृष्टांतांच्या या ग्रंथाची मांडणी सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी तिहेरी असून, पहिलीं दोन अंगें श्रीचक्रधरांचीं व तिसरें केशिराजबासांचें आहे. कथा तेवढी उतरून घेतली तर एका द्वैती मताच्या तोंडीं सर्वमतसमन्वय घातला जातो, आणि तोही त्याच्याच शब्दांनीं!

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, दृष्टांतपाठाची प्रत नोंदवितांना तींत तिन्ही अंगें आहेत कीं नाहींत हें अवश्य लिहावें, आणि सुटीं पानें गौण समजून वेगळीं काढूं नयेत. एका पानाच्या अभावीं ग्रंथकाराचा ईश्वरच पालटतो.