नव्या पक्षाला मुलूख लागतो

२०१५ च्या मे महिन्यातल्या निवडणुकीत ब्रिटनमध्ये युरोपीय संघ सोडण्याची मागणी करणाऱ्या युकिप या पक्षाला सुमारे ३९ लाख मते पडली आणि पदरात आली एकच जागा, एसेक्सच्या किनाऱ्यावरचे क्लॅक्टन. त्याच दिवशी स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाख मते मिळाली आणि स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा तिने जिंकल्या. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. ही पद्धत नव्या पक्षांचा गळा घोटते, असे अशा वेळी नेहमी म्हटले जाते. या म्हणण्यात खोटे काही नाही, पण त्याने अर्धाच उलगडा होतो. याच पद्धतीत १९०० साली जन्मलेला मजूर पक्ष १९२४ मध्ये सत्तेवर बसला. मतदार दुभंगले की नव्या पक्षासाठी वाट मोकळी होते, हा समजही मला पटत नाही. फुटलेल्या मतदारांतून मते मिळतात. जागा मात्र त्यालाच मिळतात ज्याच्यामागे ठरावीक मुलखात, पक्ष निघण्याआधीपासून उभी असलेली माणसांची संघटना असते.

मजूर पक्षाची सुरुवात पाहिली तर हे स्पष्ट होते. २७ फेब्रुवारी १९०० रोजी लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या मेमोरियल हॉलमध्ये कामगार संघटनांचे आणि काही समाजवादी मंडळांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी एक प्रतिनिधित्व समिती नेमली. त्या वर्षीच्या निवडणुकीत समितीचे दोघेच निवडून आले, मर्थर टिडफिलमधून कीर हार्डी आणि डर्बीतून रिचर्ड बेल. समितीला बळ आले ते एका खटल्यामुळे. दक्षिण वेल्समधल्या टॅफ व्हेल रेल्वेच्या कामगारांनी १९०० च्या ऑगस्टमध्ये संप केला. कंपनीने संपाचे नुकसान संघटनेकडून मागितले, आणि पुढच्या वर्षी हाऊस ऑफ लॉर्ड्सने कंपनीच्या बाजूने कौल दिला. रेल्वे कामगारांच्या संघटनेला २३ हजार पौंडांची भरपाई भरावी लागली. संप केला की वर्गणीतून साठवलेला निधी जाणार, हे उमगल्यावर तोवर लिबरल पक्षावर भिस्त ठेवून बसलेल्या संघटना एकामागून एक समितीत दाखल झाल्या. १९०३ मध्ये समितीच्या बाजूने रॅम्से मॅकडोनल्ड आणि लिबरलांचे मुख्य प्रतोद हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी गुपचूप समझोता केला. त्या काळी काही शहरांतून दोन खासदार जात आणि मतदाराला दोन मते असत. १९०६ मध्ये लेस्टरला एक लिबरल आणि एक मॅकडोनल्ड असे दोघे उभे राहिले. मतदारांनी एक मत याला, एक त्याला दिले आणि दोघेही लोकसभेत म्हणजे हाऊस ऑफ कॉमन्समध्ये पोचले. त्या निवडणुकीत समितीला २९ जागा मिळाल्या. १९०९ मध्ये खाण कामगारांचा महासंघ आला तेव्हा पक्षाला खरा मुलूख मिळाला, कारण खाणकामगार एकाच खाणीभोवतीच्या वस्तीत राहत, एकाच संघटनेला वर्गणी देत आणि बहुधा एकाच उमेदवाराला मत देत.

यावर आक्षेप असा की मजूर पक्षाला काळाने हात दिला, संघटनेने नव्हे. १९१६ मध्ये अ‍ॅस्क्विथ आणि लॉइड जॉर्ज यांच्यात लिबरल पक्ष फुटला. १९१८ च्या मताधिकाराच्या कायद्याने मतदारांची संख्या सुमारे ७७ लाखांवरून २ कोटी १० लाखांवर गेली. अशी संधी पुन्हा येणार नाही, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. पण ही संधी सर्वांसमोर सारखीच होती. १९२३ च्या डिसेंबरात मजूर पक्ष आणि लिबरल यांना जवळपास सारखीच, तिसाच्या आसपास टक्के मते मिळाली, तरी जागा १९१ आणि १५८. १९२९ मध्ये लिबरलांना २३ टक्क्यांहून अधिक मते पडूनही हाती आल्या फक्त ५९ जागा, कारण त्यांचे मतदार देशभर विखुरलेले होते. दोन वर्षांनी मजूर पक्षाचे खासदार ऑस्वल्ड मोस्ली यांनी काही खासदार घेऊन न्यू पार्टी काढली. मंदीने देश होरपळत होता, जुन्या पक्षांवरचा विश्वास उडाला होता, आणि तरीही त्यांचे सगळे उमेदवार पडले.

लंडनच्या बॅटर्सी नॉर्थमध्ये हेच छोट्या प्रमाणात दिसते, आणि त्या गोष्टीचे एक टोक मुंबईत आहे. मुंबईत जन्मलेले, टाटा घराण्याशी नाते असलेले शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये तिथून निवडून आले. ते कम्युनिस्ट होते, पण उमेदवारीला मजूर पक्षाची मान्यता होती. पुढच्या वर्षी हरले आणि १९२४ मध्ये, पक्षाचा अधिकृत शिक्का नसताना, पुन्हा जिंकले. बॅटर्सीतली कामगार संघटना आणि तिथली मजूर शाखा पाठीशी होती म्हणून हे जमले. १९२९ मध्ये मजूर पक्षाने त्यांच्याविरुद्ध स्वतःचा उमेदवार उभा केला आणि त्यांची जागा गेली. मतदारसंघ तोच, उमेदवारही तोच, फक्त खालची यंत्रणा सरकली.

सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रकरण अधिक दुःखद आहे, कारण त्यात कर्तबगार माणसे होती. मजूर पक्षातल्या रॉय जेन्किन्स, डेव्हिड ओवेन, शर्ली विल्यम्स आणि बिल रॉजर्स यांनी २५ जानेवारी १९८१ ला लाइमहाउसचे निवेदन काढले आणि मार्चमध्ये पक्ष स्थापन केला. मजूर पक्ष डावीकडे, कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान थॅचर उजवीकडे आणि मधला मतदार पोरका. दुभंगलेल्या मतदारांचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. पोटनिवडणुकांत क्रॉस्बीत विल्यम्स जिंकल्या, ग्लासगोच्या हिलहेडमध्ये जेन्किन्स. मग १९८३ ची निवडणूक झाली. लिबरलांबरोबरच्या आघाडीला २५.४ टक्के, मजूर पक्षाला २७.६ टक्के मते. जागा मात्र २३ आणि २०९. तीनशेहून अधिक मतदारसंघांत आघाडी दुसरी आली. फॉकलंडच्या युद्धाने थॅचर यांना तारले, असे म्हणतात. तारले असेलही, पण दोन टक्क्यांच्या फरकाने १८६ जागांची दरी का पडली, हे युद्धाने समजत नाही. मजूर पक्षाची मते खाणवस्त्यांत आणि जुन्या कारखान्यांच्या शहरांत साचलेली होती. आघाडीची मते शिकलेल्या, सुस्थितीतल्या माणसांची, सर्वत्र थोडीथोडी होती. नव्या पक्षाचे सदस्य क्रेडिट कार्डाने वर्गणी भरत. उत्साह खरा होता, पण त्यांना एकत्र बांधणारी गल्ली, कारखाना वा प्रार्थनामंदिर नव्हते.

जागांवरूनच यश का मोजायचे, असे कुणी विचारेल. युकिपला एकच जागा मिळाली, पण तिच्या धाकानेच पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी २०१३ मध्ये सार्वमताचे वचन दिले आणि २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. हे मला मान्य आहे. युकिपने इतिहास बदलला. पण कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने तिचा मुद्दा उचलल्यावर, २०१७ मध्ये, तिच्याकडे दोन टक्केही मते उरली नाहीत. धाक दाखवून धोरण बदलता येते, पण ज्या पक्षाचे धोरण जुना पक्ष आत्मसात करतो तो स्वतः टिकत नाही. मी टिकण्याबद्दल बोलतो आहे.

आजचा आक्षेप जास्त जड आहे. मते आता चार-पाच पक्षांत वाटली गेल्याने तिसाच्या आतबाहेर टक्के मिळाले तरी जागा निघते, तेव्हा पद्धतच नव्यांच्या बाजूने वळली, असे म्हणतात. २०२४ मध्ये मजूर पक्षाने ३३.७ टक्क्यांवर ४११ जागा घेतल्याच. पण त्याच निवडणुकीत रिफॉर्म या नव्या पक्षाला १४.३ टक्के मते आणि ५ जागा, तर लिबरल डेमोक्रॅट्सना १२.२ टक्के मते आणि ७२ जागा मिळाल्या. सोशल डेमोक्रॅट आणि लिबरल यांच्या विलीनीकरणातून निघालेल्या या पक्षाला १९८३ च्या आघाडीपेक्षा निम्म्याहून कमी मतांत तिपटीहून अधिक जागा पडल्या. मधल्या चाळीस वर्षांत त्यांनी नगरपालिकांत पाय रोवले आणि दक्षिण इंग्लंडच्या निवडक मतदारसंघांवर जोर लावला. विभागणी वाढली की फायदा होतो, पण तो ज्याची मते साचलेली आहेत त्यालाच.

म्हणून रिफॉर्मबाबत मला संसदेतल्या जागांपेक्षा २०२५ च्या मे महिन्यातल्या स्थानिक निवडणुका महत्त्वाच्या वाटतात. त्या पक्षाने १० परिषदांची सत्ता घेतली आणि त्यांत डरहॅम आहे. १९१९ मध्ये मजूर पक्षाने काबीज केलेली पहिली काउंटी परिषद डरहॅमचीच. तिचे अध्यक्ष पीटर ली स्वतः खाणकामगार आणि मेथडिस्ट उपदेशक होते, पाणीपुरवठ्याच्या कामात त्यांनी आयुष्य घातले, आणि पुढे एका नव्या नगराला त्यांचे नाव मिळाले. त्यांच्यामागे खाणीखाणीतल्या संघटनेच्या शाखा, प्रार्थनामंदिरे आणि सहकारी दुकाने होती, म्हणून २०२१ पर्यंत मजूर पक्षाने ती परिषद जवळजवळ अखंड राखली. आता खाणी बंद आहेत, शाखा विझल्या आहेत, मतदार तिथेच आहेत. वृद्धांची देखभाल, शाळेची बस आणि खड्डे बुजवणे ही कामे आता रिफॉर्मच्या नगरसेवकांच्या अंगावर आली आहेत, आणि ती करता करता त्यांच्यामागे एखादी स्थानिक संघटना उभी राहते का, हे पुढची परिषद निवडणूक सांगेल.